रक्तवाहिन्यांची बोलकी चित्रे
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



मनुष्यदेहातील रक्तवाहिन्या त्वचेखाली, स्नायूंमागे, हाडांच्या पिंजऱ्यात झाकलेल्या असतात. त्यांची अवस्था पाहावयाची तर पुष्कळदा सुई, सुरी किंवा क्ष-किरणांचा आधार घ्यावा लागतो. याला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो म्हणजे डोळा. बाहुलीच्या छोट्याशा झरोक्यातून आत प्रकाश टाकला की डोळ्याच्या मागच्या बाजूस असलेला दृष्टिपटल दिसतो आणि त्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेल्या रोहिणी व नीला जिवंत, वाहत्या स्थितीत दिसतात. कोठेही छेद न घेता वैद्याला प्रत्यक्ष रक्तवाहिनी दाखविणारी अशी जागा शरीरात विरळाच.

डोळ्यांचे आजार म्हटले की सामान्यतः मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहामुळे होणारी पडद्याची हानी एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु आणखी एक आजारवर्ग आहे. तो ऐन विशी-तिशीतल्या तरुणांना गाठतो, दोन्ही डोळ्यांवर चालून येतो आणि पुष्कळदा नजर उत्तम असतानाच आतल्या आत काम करीत राहतो. तो म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह. हा दाह रुग्णाला जाणवण्याआधी चित्रणाच्या साहाय्याने कसा ओळखता येतो, हा आजचा विषय आहे.

वीण उसवते तेव्हा

दृष्टिपटल हा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, अत्यंत नाजूक असा मज्जातंतूंचा थर आहे. त्याला रक्त हवे असते, पण रक्तातील सर्वच द्रव्ये चालत नाहीत. म्हणून निसर्गाने येथील केशवाहिन्यांची घडण विशेष केली आहे. त्यांच्या आतल्या अस्तरातील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की प्राणवायू व पोषणद्रव्ये निवडून आत घेतली जातात, आणि प्रथिने, पाणी व क्षार यांना मोकळी वाट मिळत नाही. बाहेरून आणखी एका प्रकारच्या पेशी या वाहिन्यांना बिलगून आधार देतात. या व्यवस्थेला रक्त आणि दृष्टिपटल यांमधील अडसर म्हटले जाते. दाट विणीच्या कापडाला पाण्याने भरलेले भांडे बांधले तरी थेंब गळत नाही, तशीच ही वीण.

शरीराची प्रतिकारशक्ती काही कारणाने स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटली, किंवा एखाद्या जंतूविरुद्धचा तिचा लढा वाहिन्यांच्या भिंतीपर्यंत पोहोचला, की ही वीण सैल होते. पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, तीतून बाहेर पडतात, भिंत सुजते आणि द्रव झिरपू लागतो. ही झाली पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर वाहिनी अरुंद होते वा बंद पडते, आणि तिच्या पलीकडचा भाग उपाशी राहतो. तिसऱ्या पायरीवर उपाशी भाग नव्या वाहिन्यांची मागणी करतो. त्या नव्या वाहिन्या कच्च्या असतात, फुटतात, आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. पहिल्या पायरीवरचे नुकसान बरेचसे भरून निघते. दुसऱ्या व तिसऱ्या पायरीवरचे पुष्कळदा निघत नाही. म्हणूनच पहिली पायरी ओळखणे महत्त्वाचे आहे.

अडचण अशी की पहिल्या पायरीवर रुग्णाला बहुधा काहीच कळत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही बारीक कामे त्याच्यावर चालतात. दाह मात्र अनेकदा कडेच्या भागातून सुरू होतो. मधला बिंदू शाबूत आहे तोवर डॉक्टरांच्या तक्त्यावरील शेवटची ओळही वाचता येते, आणि रुग्ण समाधानाने घरी जातो.

आरशापासून रंगापर्यंत

जिवंत डोळ्याच्या आत डोकावण्याचे साधन जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे मांडले. प्रकाश आत सोडायचा आणि त्याच वाटेने परत येणारा प्रकाश पाहायचा, ही साधी युक्ती. त्या एका उपकरणाने नेत्रवैद्यकाचा कायापालट झाला. पुढे दृष्टिपटलाची छायाचित्रे घेणारे कॅमेरे आले आणि डोळ्याची नोंद कागदावर राहू लागली. तरीही छायाचित्रात वाहिनीचा आकार दिसे. ती गळते की नाही हे दिसत नसे. गळती पाहावयाची तर वाहत्या रक्तात एखादा रंग मिसळावा लागणार होता.

हा रंग आला तो रंगांच्या कारखानदारीला जन्म देणाऱ्या रसायनशास्त्रातून. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली फ्लुरोसीन नावाचे रंगद्रव्य तयार केले. हेच ते बायर, ज्यांनी नीळ कृत्रिमरीत्या बनविण्याची वाट शोधली. त्या मार्गावरून पुढे १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीच्या शेतीचा व्यापार कोसळू लागला. रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी बायर यांना १९०५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या हातांनी कापडाच्या रंगाचा इतिहास बदलला, त्याच हातांनी डोळ्याच्या तपासणीचा रंगही दिला, हा योगायोग कापडाच्या व्यवसायातील मंडळींना विशेष वाटावा असा आहे.

फ्लुरोसीनचा गुण असा की त्यावर निळा प्रकाश टाकला की ते हिरवट-पिवळ्या प्रकाशाने उजळते. पॉल एर्लिख यांनी १८८२ मध्येच प्राण्यांच्या डोळ्यातील द्रवाचा प्रवाह पाहण्यासाठी त्याचा उपयोग केला होता. परंतु माणसाच्या दृष्टिपटलातील रक्ताभिसरणाचे या रंगाने छायाचित्रण करण्याची पद्धत सिद्ध केली ती अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या हॅरॉल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड आल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी. कॅमेऱ्याच्या प्रकाशापुढे निळी काच आणि फिल्मपुढे हिरवी काच बसवून, म्हणजे निळा प्रकाश आत जाऊ द्यायचा व केवळ रंगाची चमक बाहेर टिपायची, अशी त्यांची रचना होती. माणसावरील पहिला यशस्वी प्रयोग १९५९ मध्ये आल्विस यांच्याच डोळ्यावर झाला. त्यांचा लेख नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने नाकारला; अखेर १९६१ मध्ये तो हृदय व रक्ताभिसरणाला वाहिलेल्या नियतकालिकात छापला गेला. आज जगभर केल्या जाणाऱ्या फ्लुरोसीन अँजिओग्राफीचा उगम तो लेख होय.

चाचणी कशी होते

बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर रुग्ण कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकवून बसतो. दंडाच्या किंवा हाताच्या नीलेतून तीन ते पाच मिलिलिटर रंग टोचला जातो. साधारणतः दहा ते पंधरा सेकंदांत तो डोळ्यापर्यंत पोहोचतो. प्रथम रोहिणी उजळतात, मग केशवाहिन्यांचे जाळे, मग नीला. पहिल्या मिनिटात भराभर चित्रे घेतली जातात आणि पुढे पाच-दहा मिनिटांनी उशिराची चित्रे घेतली जातात.

दाह ओळखण्याच्या दृष्टीने ही उशिराची चित्रे फार बोलकी असतात. निरोगी वाहिनीत रंग वाहिनीच्या रेषेतच राहतो आणि हळूहळू फिका पडतो. दाह झालेल्या वाहिनीची भिंत मात्र रंग शोषून चमकत राहते व तिच्या कडेने धुरकट उजेड पसरतो. पक्क्या रंगाचा काठ धुतल्यावरही रेखीव राहतो, आणि कच्च्या रंगाचा काठ शेजारच्या पोतात उतरतो, तसाच हा फरक. जेथे वाहिनी बंद पडली आहे तेथे चित्रात काळा डाग राहतो. गळती किती, कोठे, आणि उपासमार सुरू झाली आहे काय, या तीनही प्रश्नांची उत्तरे एका बैठकीत मिळतात.

चाचणीचे दुष्परिणामही सांगितले पाहिजेत. काहींना क्षणभर मळमळते. त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत गडद पिवळी होते. याची भीती बाळगण्याचे कारण नाही. तीव्र स्वरूपाची प्रतिक्रिया मात्र क्वचित येते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत सुमारे १,९०० चाचण्यांमागे एक गंभीर प्रतिक्रिया आणि सुमारे २,२२,००० चाचण्यांमागे एक मृत्यू असे प्रमाण आढळले. म्हणून दमा, पूर्वीची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास ते आधी सांगावे, आणि तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणीच चाचणी करून घ्यावी.

रेशीम मार्गावरचा आजार

या चाचणीचे मोल ज्या आजारात फार स्पष्टपणे दिसून येते, तो बेहचेटचा आजार होय. इस्तंबूल येथील त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट (१८८९-१९४८) यांनी १९३७ मध्ये आपल्या रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तोंडात वारंवार येणारे व्रण, गुप्तांगावरील व्रण आणि डोळ्यांचा दाह ही तीन लक्षणे वेगवेगळी नसून एकाच आजाराची आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी काही वर्षे ग्रीक नेत्रवैद्य बेनेडिक्टोस आडामांटियाडिस यांनीही असाच रुग्ण नोंदविला होता. म्हणून काही ठिकाणी या आजाराला दोघांचीही नावे जोडतात.

हा आजार भूमध्य समुद्रापासून तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया आणि चीन ओलांडून जपानपर्यंतच्या पट्ट्यात अधिक आढळतो. प्राचीन काळी ज्या वाटेने रेशमाचे तागे उंटांच्या पाठीवरून पश्चिमेकडे जात, जवळपास तोच हा पट्टा. त्यामुळे याला रेशीम मार्गावरचा आजार असे नाव पडले. इस्तंबूलमधील एका पाहणीत लाखामागे सुमारे ४२० जणांत तो आढळला. युरोपच्या उत्तर भागात तो विरळा. त्या पट्ट्यातील लोकांत आढळणारा एक आनुवंशिक घटक या आजाराशी निगडित आहे. पण तो असलेल्या बहुसंख्य लोकांना आजार होत नाही. एकाच रक्तचाचणीने निदान होईल असाही हा आजार नाही. भारतात तो कमी आढळतो, तरी येथील नेत्ररुग्णालयांना तो अपरिचित नाही.

बेहचेटच्या आजारात मुख्यतः नीला व केशवाहिन्या भाजल्यासारख्या होतात. तरुण पुरुषांत त्याचे स्वरूप अधिक उग्र असते. झटका येतो, डोळा लाल होतो, नजर अंधुक होते, काही आठवड्यांत पुष्कळसे निवळते. रुग्णाला वाटते की आजार गेला. परंतु प्रत्येक झटका थोडे कायमचे नुकसान मागे ठेवून जातो, आणि प्रभावी औषधे नव्हती त्या काळात अनेक तरुण काही वर्षांतच दोन्ही डोळ्यांची दृष्टी गमावीत.

अँजिओग्राफीने या समजुतीला धक्का दिला. डोळा पांढरा शुभ्र आहे, तपासणीत दाहपेशी दिसत नाहीत, रुग्णाची तक्रार नाही, अशा शांत वाटणाऱ्या डोळ्यातही केशवाहिन्यांतून नेच्याच्या पानासारखी पसरलेली बारीक गळती दिसू शकते, हे वेगवेगळ्या देशांतील नेत्रतज्ज्ञांनी नोंदविले आहे. काही रुग्णांत तर डोळ्याची एकही तक्रार उद्भवण्याआधी अशी गळती आढळली. दोन झटक्यांच्या मधला काळ हा विश्रांतीचा काळ असतोच असे नाही. दाह मंद आचेवर धुमसत असू शकतो. झटके मोजून उपचार ठरविणे आणि गळती पाहून उपचार ठरविणे यांत म्हणूनच मोठे अंतर आहे.

पूर्ण पन्हा उलगडून

कापडाचा दोष पुष्कळदा मध्यावर नसून काठाशी असतो. अनुभवी व्यापारी तागा घेताना पूर्ण पन्हा उलगडून, प्रकाशासमोर धरून पाहतो. डोळ्याच्या कॅमेऱ्याबाबत अनेक वर्षे अडचण होती ती हीच. नेहमीचा कॅमेरा एका वेळी तीस ते पन्नास अंशांचा मधला भाग टिपतो, आणि दाहाची गळती बहुधा कडेला असते.

ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नांत एका पित्याचे दुःख आहे. स्कॉटलंडमधील डिझाइनर डग्लस अँडरसन यांच्या पाच वर्षांच्या मुलाचा पडदा सरकला. नियमित तपासणी होत असूनही ते उशिरा लक्षात आले, आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. लहान मुलाला फारसा त्रास न देता जवळजवळ संपूर्ण दृष्टिपटल एका क्षणात दाखवील असे यंत्र बनवायचे, या ध्यासातून त्यांनी १९९२ मध्ये कंपनी स्थापन केली. लंबवर्तुळाकार आरशाचा उपयोग करून लेसर किरण बाहुलीतून आत फिरविणारे त्यांचे यंत्र सुमारे २०० अंशांचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या जवळजवळ चार-पंचमांश भागाचे चित्र एकाच वेळी टिपते. पुढे हेच तंत्र फ्लुरोसीन अँजिओग्राफीला जोडले गेले. त्यानंतर दाहाच्या रुग्णांत पूर्वी न दिसलेली कडेची गळती मोठ्या प्रमाणावर दिसू लागली आणि काहींच्या उपचारांची दिशा त्यामुळे बदलली.

सुईविना चित्रण

दुसरा मोठा टप्पा प्रकाशाच्या प्रतिध्वनीचा आहे. डोळ्यात सोडलेला प्रकाश दृष्टिपटलाच्या निरनिराळ्या थरांवरून सूक्ष्म फरकाने परत येतो. हा फरक मोजून थरांचा उभा छेद संगणकावर रेखाटता येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोतो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. तिला ओसीटी म्हणतात. या तिघांना २०२३ चा लास्कर पुरस्कार देण्यात आला. पीतबिंदूवर सूज आली आहे काय, किती मायक्रॉनने वाढली, औषधाने किती उतरली, हे ओसीटी काही सेकंदांत, वेदनेशिवाय आणि सुईविना सांगते.

याच तंत्राची पुढची शाखा म्हणजे ओसीटी अँजिओग्राफी. एकाच जागेचे छेद लागोपाठ अनेक वेळा घेतले जातात. स्थिर ऊती प्रत्येक वेळी सारखीच दिसते. फिरणाऱ्या तांबड्या पेशींमुळे मात्र रक्त वाहत असलेली जागा दर वेळी बदललेली दिसते. हा बदल वेगळा काढला की रंग न टोचताच वाहत्या वाहिन्यांचा नकाशा मिळतो. २०१४-१५ नंतर ही यंत्रे रुग्णालयांत येऊ लागली. वरचे आणि खोलवरचे केशवाहिन्यांचे जाळे त्यात वेगवेगळे पाहता येते व त्याची दाटी आकड्यांत मोजता येते. बेहचेटच्या आजारात डोळ्याची तक्रार नसलेल्या काही रुग्णगटांतही ही दाटी निरोगी लोकांच्या तुलनेत कमी आढळल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. ल्युपससारख्या इतर दाहजन्य आजारांतही असेच निष्कर्ष आले आहेत.

तथापि दोन्ही पद्धतींचे काम वेगळे आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. रंगाची चाचणी गळती दाखविते. सुईविना चाचणी प्रवाह आहे की नाही हे दाखविते. गळती तिला दिसत नाही. शिवाय तिची चौकट लहान असते आणि रुग्णाची नजर हलली की चित्रात खोटे दोष उमटतात. गटागटांतील सरासरी फरक आणि एका रुग्णाचे निदान या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून दाहाचा संशय असता रंगाच्या चाचणीला अद्याप पूर्ण पर्याय मिळालेला नाही.

चित्र पाहून उपचार

लवकर ओळखण्याला अर्थ येतो तो उपचार असल्यानेच. बेहचेटच्या आजारात १९९० साली तुर्कस्तानातील हसन याझिजी आणि सहकाऱ्यांनी ७३ पुरुष रुग्णांवर दोन वर्षांचा नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध घेणाऱ्यांत नवा नेत्रविकार उद्भवण्याचे प्रमाण घटले, असे त्यात दिसले. डोळा बिघडण्याआधी सुरू केलेले औषध डोळा वाचवू शकते, याचा तो महत्त्वाचा पुरावा होता. पुढे दाह भडकविणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाला अडविणारी जैविक औषधे आली. त्यांपैकी इन्फ्लिक्सिमॅबला २००७ मध्ये जपानने बेहचेटच्या नेत्रदाहासाठी मान्यता दिली, आणि अॅडॅलिम्युमॅबला २०१६ मध्ये अमेरिका व युरोपने जंतुसंसर्ग नसलेल्या नेत्रदाहासाठी मान्यता दिली.

ही औषधे महाग आहेत, हे कोणी नाकारणार नाही. या बाबतीत भारताची एक कामगिरी उल्लेखनीय आहे. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये अॅडॅलिम्युमॅबचा जगातील पहिला जैवसदृश पर्याय बाजारात आणला. त्यानंतर इतर कंपन्याही आल्या आणि किंमत मूळ औषधाच्या मानाने पुष्कळ खाली आली. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाला हा खर्च वर्षानुवर्षे पेलणे कठीणच आहे.

येथे चित्रणाचा दुसरा उपयोग पुढे येतो. गळती थांबली असेल तर औषधाची मात्रा जपून कमी करण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. गळती वाढली असेल तर पुढच्या झटक्याची वाट न पाहता औषध वाढविता येते. स्टेरॉइडच्या अतिवापराने मोतीबिंदू, डोळ्यातील दाब, मधुमेह आणि हाडांचा ठिसूळपणा ओढवतो. तो टाळण्यासही ही चित्रे मदत करतात. हिशेबाच्या वहीत दर महिन्याची शिल्लक लिहिली तरच तोटा वेळेवर कळतो. वर्षाअखेरीस कळलेला तोटा भरून काढणे अवघड असते.

भारतातील दाह आणि क्षयाची सावली

भारतातील तरुणांच्या संदर्भात आणखी एका आजाराचे नाव घेतले पाहिजे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये काही तरुण पुरुषांत वारंवार होणारा डोळ्यातील रक्तस्राव नोंदविला. त्यांना नाकातून रक्त येणे आणि बद्धकोष्ठ हेही त्रास होते. त्यामागे नीलांचा दाह असतो हे पुढील निरीक्षकांनी दाखविले. हा ईल्सचा आजार पाश्चात्त्य देशांत आज विरळा, परंतु भारतीय उपखंडात तो विशी-तिशीतील पुरुषांत अधिक आढळतो. एके सकाळी डोळ्यासमोर अचानक कोळिष्टके किंवा काळे ठिपके तरंगू लागतात, आणि तपासणीत आतला काचद्रव रक्ताने गढूळलेला सापडतो. रक्तस्रावापूर्वीची पायरी, म्हणजे कडेच्या नीलांची गळती आणि बंद पडलेल्या केशवाहिन्यांचे काळे पट्टे, अँजिओग्राफी दाखवू शकते. तेथे वेळेवर लेसर केल्यास नव्या कच्च्या वाहिन्यांना आळा बसतो.

या आजाराचा क्षयरोगाशी संबंध असल्याचा संशय जुना आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी काही रुग्णांच्या डोळ्यातील नमुन्यांत क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधून काढला. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतही डोळ्याच्या क्षयावर मोठे काम झाले आहे. हा मुद्दा केवळ अभ्यासाचा नाही. दाह शमविणारी प्रबळ औषधे शरीरात दडून बसलेल्या क्षयाला जागे करू शकतात. म्हणून जैविक औषध सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी अत्यावश्यक ठरते, आणि भारतात तर ती टाळण्याचा विचारही करू नये. गळती दिसली म्हणून लगेच स्टेरॉइड, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. गळती दाह आहे हे सांगते. दाह कशाचा हे सांगत नाही. क्षय, सिफिलिस, सार्कॉइड, ल्युपस, बेहचेट अशा निरनिराळ्या कारणांनी चित्र सारखे दिसू शकते. कारण शोधण्यासाठी रक्ततपासणी, छातीचे चित्रण आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाची नीट विचारपूस लागते.

यंत्राची मर्यादा, माणसाचे काम

अलीकडे दृष्टिपटलाची चित्रे संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयोग गाजत आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेही दृष्टिपटलविकारावरील गूगलच्या गाजलेल्या अभ्यासात भारतातील नेत्ररुग्णालयांतील चित्रांचाही उपयोग झाला होता. दाहाच्या गळतीचे मोजमाप संगणकाने करण्याचेही प्रयत्न सुरू आहेत, आणि त्यातून दोन भेटींतील तुलना अधिक काटेकोर होईल अशी आशा आहे. पण थोडीशी कडेची गळती कधी कधी अन्यथा निरोगी डोळ्यातही दिसते. प्रत्येक धुरकट डागावर औषधांचा मारा केला तर रोगापेक्षा उपाय भारी पडेल. चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

म्हणून कुटुंबांनी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. तरुण माणसाचा डोळा वारंवार लाल होत असेल, प्रकाश सहन होत नसेल, नजरेपुढे ठिपके तरंगत असतील, तर दुकानातून थेंब आणून वेळ मारून नेऊ नये. तोंडातील व्रण, सांध्यांची सूज, त्वचेवरील गाठी, जुना खोकला वा घरातील क्षयाचा इतिहास डोळ्याच्या डॉक्टरांना सांगावा. त्यांचा डोळ्याशी काय संबंध, असे म्हणून गप्प राहू नये. जुनी चित्रे व अहवाल जपून ठेवावेत, कारण आजच्या चित्राचा अर्थ मागच्या चित्राशेजारी ठेवल्यावरच लागतो. उपवास, एकासन किंवा चौविहार करणाऱ्यांनी औषधांच्या वेळा व मात्रा डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्याव्यात. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्याला स्वच्छ दिसते, ज्याचा धंदा वा नोकरी सुरळीत चालली आहे, अशा पंचविशीतल्या मुलाला वर्षानुवर्षे औषध घ्यावयास सांगणे, आणि त्याच्या आईवडिलांना तो खर्च पटवून देणे. शब्दांनी हे पटत नाही. अशा वेळी त्याच्याच डोळ्याचे चित्र त्याच्यासमोर ठेवले आणि रेखीव असायला हवी ती वाहिनी धुरकट झालेली दाखविली, की पुष्कळदा वादच उरत नाही. गेलेली दृष्टी परत आणण्याची विद्या आजही फार थोडी आहे; असलेली दृष्टी राखण्याची विद्या बरीच आहे. तिचा लाभ घेण्यासाठी दृष्टी असतानाच तपासणीस जाण्याची सवय समाजात रुजावी, एवढीच या व्याख्यानामागची अपेक्षा आहे.